सप्ताहाचा यजमान कोण?



अलीकडे सप्ताहाच्या निमित्ताने ज्या ज्या गावी आमचे जाणे होते, तेथे रात्रीचे कीर्तन आटोपून श्रोते पांगले की पाचदहा कर्ती माणसे मागे रेंगाळतात. पाया पडतात, सतरंजीच्या कडेला बसतात आणि हळूच एक प्रश्न पुढे करतात. गाव बदलले की प्रश्नाचा वेश बदलतो, प्रश्न तोच. एका गावचे म्हातारे टाळकरी म्हणाले, "महाराज, रात्री दोन ते चारला वीणा धरायला माणूस मिळंना. तेवढ्या वक्ताला नामाची टेप लावली तर चालंल का?" दुसऱ्या गावी म्हणाले, "पोरं सगळी पुण्या-मुंबईला. सात दिवस रेटत नाहीत, तीन दिवसांवर आणावं म्हणतो." तिसऱ्या गावी विचारणा झाली, "घरोघर भाकरी थापायला बाया राहिल्या नाहीत. आचाऱ्याला ठेका देऊन टाकावा का?" आणि चाकणच्या कारखान्यात कामाला असलेल्या एका पोराने तर फोनवरच विचारले, "महाराज, सुट्टी मिळत नाही. मी इकडून व्हिडिओवर उभा राहून पहारा दिला, तर माझा पहारा लागंल ना?"

सज्जनहो, हे प्रश्न थट्टेचे नाहीत. पणजोबांनी लावलेला सप्ताह आपल्या हातून तर तुटणार नाही ना, ही भीती त्यांच्यामागे आहे. म्हणून त्यांस झटकून उत्तर देणे योग्य नव्हे. झटकण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणते, यंत्र आले तेथे कली आला, जुने जसेच्या तसे चालवा. दुसरी म्हणते, काळाबरोबर चालावे, भाव असला म्हणजे सर्व चालते. पहिलीने सप्ताह बंद पडतो. दुसरीने चालू राहतो, पण आतून पोकळ होतो. आम्हांस तिसरी वाट हवी आहे. आणि ती नव्याने काढण्याचे कारण नाही, शास्त्रकारांनी ती पूर्वीच आखून ठेवली आहे.

वारकऱ्यास सप्ताह म्हणजे काय ते सांगणे म्हणजे पंढरपूरकरास चंद्रभागा दाखवणे. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, मग गाथाभजन, दुपार कलल्यावर प्रवचन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, पुढे जागर, आणि आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन व महाप्रसाद. परंतु या सर्वांच्या मुळाशी जी एक गोष्ट आहे तिचा हिशेब मांडून पाहा. सात दिवसांचे तास १६८. दोन दोन तासांचा पहारा धरला तर पहारे झाले ८४. या ८४ पहाऱ्यांत वीणा एकदाही खाली ठेवायची नाही. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हा दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. साठ वर्षांचा बाप वीस वर्षांच्या मुलाच्या पाया पडतो, कारण त्या क्षणी तो नामाचा पहारेकरी असतो. सप्ताहाला आपण 'अखंड' म्हणतो ते या वीणेमुळे. पारायण रोज संपते, कीर्तन रोज संपते, पंगत रोज उठते. न संपणारी ती एक वीणा. तेव्हा वीणेसह चाललेले नाम हे प्रधान, आणि बाकीची सर्व त्याची अंगे. हा भेद मनात पक्का असू द्यावा. पुढचा निर्णय यावरच उभा राहणार आहे.

आता शास्त्राकडे वळू. जैमिनी महर्षींच्या मीमांसासूत्रांत, सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, 'प्रतिनिधी'चा विचार आला आहे. कर्माला बसलो आणि सांगितलेली वस्तू मिळाली नाही, तर काय करावे? उठून जावे काय? सूत्रकार म्हणतात, उठू नये. तिच्यासारखी दुसरी वस्तू घ्यावी आणि कर्म पुरे करावे. व्रीही नसतील तर नीवार, म्हणजे रानात आपोआप उगवणारे भात घ्यावे. सोमवल्ली नसेल तर पूतीक नावाची वेल घ्यावी. केवढी मोकळीक ही! ज्या सोमावरून सोमयाग हे नाव पडले, तो सोमच मिळाला नाही तरी याग अडत नाही. शास्त्र म्हणजे नुसता अडसर असे ज्यांस वाटते, त्यांनी हा पाद कोणा जाणत्या शास्त्र्याकडून समजून घ्यावा.

परंतु लगेच पुढे एक रेघ ओढली आहे. वस्तूला प्रतिनिधी आहे. देवतेला नाही, अग्नीला नाही, मंत्राला नाही, क्रियेलाही नाही. इंद्राचा हविर्भाग दुसऱ्या देवतेला दिला तर ते कर्मच निराळे झाले. आणि याहून ठळक रेघ ही की स्वामीला, म्हणजे यजमानाला, प्रतिनिधी नाही. तूप बदलता येते, तांदूळ बदलता येतो. ज्याने संकल्प केला तो माणूस बदलता येत नाही.

येथे कोणी म्हणेल, "महाराज, संतांनी आम्हांस यज्ञाच्या खटाटोपातून सोडवले, सोपे नाम हाती दिले, आणि तुम्ही पुन्हा मीमांसा घेऊन आलात!" शंका रास्त आहे. परंतु आम्ही येथे यज्ञ आणलेला नाही, पारख आणली आहे. गव्हाची पारख शिकलेला डोळा ज्वारीलाही उपयोगी पडतो. काय बदलले तर चालते आणि काय बदलले तर कर्मच हरवते, एवढेच आपणांस त्यातून घ्यायचे आहे.

प्रथम वस्तू पाहू. दिवट्या गेल्या, गॅसबत्ती आली. गॅसबत्ती गेली, वीज आली. कोणाची भक्ती कमी झाली? तुकोबारायांची गाथा पूर्वी हाताने उतरून घेत. १८६९ साली सरकारी साह्याने तिचा पहिला भाग मुंबईस छापला गेला, दुसरा १८७३ साली. आज मंडपात शे-दोनशे माणसे, प्रत्येकाच्या पुढ्यात ज्ञानेश्वरी, एका सुरात पारायणाला बसतात, हे छापखान्याचे उपकार आहेत. हातच्या पोथ्यांच्या काळात एका खेड्यात दोनशे प्रती आणणार कोठून? म्हणजे ज्या गोष्टीस आपण अगदी जुनी चाल समजतो, तीतही यंत्र केव्हाच येऊन बसले आहे. आणि ते आल्यामुळे वाचणारी तोंडे वाढली आहेत.

गोदावरीतील सराला बेटाचा, सद्गुरु गंगागिरी महाराजांच्या परंपरेचा सप्ताह पाहा. लोटणारा समाज लाखांनी मोजावा लागतो. प्रसाद आमटी-भाकरीचा. आता आमटी टँकरमध्ये भरून पंगतीपर्यंत नेतात, भाकऱ्या ट्रॅक्टर-टेम्पोतून येतात. पण भाकरी कोणाची? भोवतालच्या गावांतल्या घराघरांची. येथे नीट लक्ष द्यावे. बैलगाडी जाऊन ट्रॅक्टर आला, हा व्रीहींच्या जागी नीवार झाला. भाकरी थापणारा हात मात्र यजमानाचाच राहिला. जेथे अशी वाटणी साधते, तेथे यंत्र नामाचे चाकर होऊन राहते.

आता शब्द. ध्वनिक्षेपक आला तेव्हा नाम चार गल्ल्यांपलीकडे पोचू लागले, आजारी माणसाला अंथरुणावर कीर्तन ऐकू आले, ही सोय खरीच. पण त्याबरोबर एक गोष्ट घडली. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत काकडा चालतो. पूर्वी काकडा ऐकायचा तर पहाटेच्या थंडीत उठून देवळात यावे लागे. भोंगा लागल्यावर काकडाच घरी येऊ लागला, आणि माणूस पांघरुणात राहिला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई केली आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. यावर पुष्कळ गावांतून कुरकुर ऐकू येते. आम्ही त्यांस म्हणतो, अहो, काकडा भोंग्यापूर्वीचा आहे. भोंगा नसेल तर ज्याला काकडा हवा तो उठून येईल. आणि ज्याची उद्या परीक्षा आहे, ज्याच्या घरी बाळंतीण आहे, त्याचीही झोप मोडणार नाही. यात नामाची हानी कोठे आहे?

टेपचा प्रश्न याहून निराळा. नामाची ध्वनिमुद्रिका वाजत असता कोणी मन लावून ऐकत असेल, तर त्याचे श्रवण घडते. ते आम्ही नाकारीत नाही. परंतु रात्री अडीच वाजता मंडपात माणूस नाही, सतरंजीवर दोन मुले झोपलेली, आणि टेप चालू, अशा वेळी श्रवण करतो कोण? कीर्तन करतो कोण? यंत्र वाजते, जपत नाही. भागवताने सांगितलेल्या नऊ भक्तींपैकी एकही तेथे उभी नसते. बाहेरून जाणाऱ्याला वाटते की नाम अखंड चालले आहे, आणि फसगत येथेच होते. पहारा रिकामा राहिला असता तर गावाला डाचले असते. टेपने रिकामेपण झाकले, त्याबरोबर डाचही गेला.

क्रियेचेही असेच. चाकणच्या त्या मुलाला आम्ही म्हणालो, "बाळ, तू तिथं दोन तास उभा राहून नाम घेतलंस तर ते पांडुरंगाला पोचतं. देवाला फोनची रेंज लागत नाही. पण गावच्या वीणेला गळा लागतो रे, चित्र नाही पुरत." पहारा ही देहाने करायची सेवा आहे. दोन तास पाय दुखतात, झोपेशी भांडावे लागते, पुढचा पहारेकरी उशिरा आला तर तसेच उभे राहावे लागते. तो दुखवटा वजा केला तर शिल्लक राहते ते स्मरण. स्मरण थोर आहे, पण त्यास पहारा म्हणू नये. यावर तो म्हणाला, "मग आमच्यासारख्यांनी काय करावं?" त्याचे उत्तर पुढे येते.

आता मुख्य रेघ, यजमानाची. सामान्य यज्ञात यजमान एक असतो. तो ऋत्विजांस दक्षिणा देऊन त्यांच्याकडून कर्म करवून घेतो. परंतु शास्त्रात 'सत्र' म्हणून दीर्घ यज्ञाचा एक प्रकार आहे. त्यात कमीत कमी १७ आणि जास्तीत जास्त २४ माणसे एकत्र बसतात, सर्व जण यजमान आणि तेच सर्व जण ऋत्विज. त्यामुळे सत्रात दक्षिणा नाही. कोणी कोणाचा भाडोत्री नाही, मग देणार कोण आणि घेणार कोण?

सज्जनहो, आमचा सप्ताह या सत्राच्या जातीचा आहे. गावच यजमान, गावच ऋत्विज. वीणा गावची, टाळ गावचे, भाकरी गावची, उष्टी काढणारे हातही गावचे. पाटलाच्या शेजारी त्याचा सालगडी पंगतीला बसतो आणि दोघेही दुसऱ्या पंगतीला वाढतात. आता समजा, गावाने वर्गणी गोळा केली, आचाऱ्याला ठेका दिला, मंडपवाल्याला ठेका दिला, वीणेकरी आणि टाळकरी पैसे देऊन बाहेरून आणले. कार्यक्रम देखणा होईल. पण सत्राचे रूप जाऊन तेथे दक्षिणेचा यज्ञ झाला. गाव यजमानपदावरून उतरले आणि प्रेक्षकांत जाऊन बसले. वर्गणी फोनवरून पाठवली म्हणून काही बिघडत नाही. नाणे, नोट आणि फोन ही सर्व वस्तूच. पण 'पैसे घ्या आणि माझा पहारा दुसऱ्याकडून करवा' असे म्हटले, तेथे रेघ ओलांडली.

याच सत्राच्या प्रकरणात शास्त्रकारांनी एक वाट उघडी ठेवली आहे. सत्रास बसलेल्यांपैकी कोणी मध्येच गेला, तर संख्या पुरी करण्यासाठी दुसरा माणूस आणून बसवावा, आणि त्याने यजमानाची सर्व कामे करावीत. एकटा यजमान बदलता येत नाही. पण जेथे यजमान पुष्कळ आहेत, तेथे रिकामी जागा भरता येते. ज्या गावाची तरुण पोरे शहरात गेली, त्या गावाला हा मोठा आधार आहे. मात्र प्रश्न असा की, जागा भरण्यासाठी माणूस नाही असे जेव्हा गाव म्हणते, तेव्हा गावाने सर्व माणसे मोजलेली असतात काय?

पारायणाला मंडपात सर्वांत जास्त कोण बसते? बाया. मग वीणेच्या पहाऱ्यांची यादी करताना त्यांची नावे का गळतात? मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई ज्या संप्रदायात झाल्या, तेथे लेकीसुनेने वीणा घेतली तर बिघडते काय? काही गावांनी दिवसाचे पहारे बायांकडे दिले आणि रात्रीसाठी पुरुष मोकळे झाले. तेथे टेप लागत नाही. तसेच वस्तीवरची माणसे, वाड्यावरची माणसे. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर असूनही त्यांच्या बांधवांस राउळाचे दार बंद होते. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले आणि त्या साली ते दार उघडले. देवाचे दार उघडून इतकी वर्षे झाली. गावच्या पहाऱ्याच्या यादीचे दार अजून अर्धवट लोटलेले असेल, तर माणूस मिळत नाही ही तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

आता 'सात दिवस रेटत नाहीत' या प्रश्नाकडे येऊ. सप्ताहाचे मूळ परीक्षितीच्या कथेत आहे. त्याच्या आयुष्याचे सातच दिवस उरले होते, आणि ते सातही त्याने श्रवणाला दिले. ही सात दिवसांची थोरवी. तथापि शास्त्र येथेही माणसाची अडचण जाणते. नित्यकर्म, म्हणजे जे नेमाने करायचेच असते ते, शक्ती कमी पडल्यास काही अंगे गाळूनही करता येते. फळाच्या इच्छेने केलेले काम्यकर्म मात्र अंगांसह पुरे व्हावे लागते. गावचा सप्ताह हा नेम आहे, तेव्हा त्यास 'यथाशक्ति' हा शब्द लागू आहे. पण गाळायची ती अंगे, प्रधान नव्हे. आणि आज दिसते ते नेमके उलटे! मंडपाचा खर्च कमी होत नाही, रोषणाई कमी होत नाही, गाजलेल्या कीर्तनकाराची तारीख चुकत नाही, काल्याच्या दिवशीचे पक्वान्न चुकत नाही. आणि शक्ती कमी पडली म्हणून कात्री लागते ती वीणेच्या पहाऱ्याला. अंगे थाटात उभी आणि प्रधान टेपवर! घरात लग्नाची सर्व तयारी झाली आणि नवऱ्या मुलाचा फोटो पाटावर ठेवला, तसा हा प्रकार झाला.

ही रेघ आम्हां कीर्तनकारांच्या दारावरूनही जाते. तुकोबारायांनी कीर्तनाचा विक्रय करणाऱ्याची गय केलेली नाही, हे गादीवर उभे राहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. कीर्तनकाराने गावात पाऊल टाकताच बिदागीची नव्हे, वीणेची चौकशी करावी. पहारा रिकामा दिसला तर टेप बंद करून स्वतः वीणा घ्यावी. कीर्तनकार रात्री दोनला वीणा घेऊन उभा राहिला, तर गावातली चार पोरे लाजून का होईना, उठून येतील. तासाभराच्या निरूपणाने जे होत नाही ते दोन तास उभे राहण्याने होते.

कोणी २०२० सालचे उदाहरण पुढे करतात. त्या साली साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस्.टी.च्या गाडीने पंढरपुरास गेल्या, आणि २०२१ सालीही तसेच करावे लागले. "देवाच्या पादुका गाडीने जातात, मग आमचे का चालत नाही?" असा त्यांचा युक्तिवाद. त्यास उत्तर असे की तो आपद्धर्म होता. नेम तुटू दिला नाही आणि माणसांचे प्राणही राखले, म्हणून ते योग्यच झाले. पण २०२२ साली साथ ओसरताच वारकरी पुन्हा पायी निघाले. गाडीची सवय लागली म्हणून कोणी गाडीत बसून राहिले नाही. आपद्धर्माची खूण हीच, की आपत्ती सरली की तो सोडण्याची घाई होते.

तेव्हा ज्यांनी प्रश्न विचारले त्यांस निर्णय असा.

रात्रीच्या पहाऱ्याला माणूस नसेल तर टेप लावू नये. यादी पुन्हा करावी, बायांची व वस्तीची नावे घालावीत, पहारा दोन तासांऐवजी एक तासाचा करावा. ८४ ऐवजी १६८ नावे लागतील, पण म्हाताऱ्यालाही एक तास झेपतो.

सात दिवस खरोखरच होत नसतील, तर प्रथम मंडप लहान करावा, रोषणाई सोडावी, पक्वान्नाऐवजी डाळ-भात करावा. एवढे करूनही जमले नाही, तर तीन दिवस प्रामाणिकपणे अखंड नाम चालवावे; त्यास सप्ताह म्हणू नये, पुढे शक्ती आली की सात करू असे देवापुढे बोलून ठेवावे. ज्या सप्ताहाची तिथी कोणा संताच्या पुण्यतिथीशी बांधलेली नाही, त्याचे दिवस गावाने विचार करून बदलण्यास हरकत नाही. ऊसतोडीला जाणारी गावे दिवाळीच्या आगेमागे ओस पडतात आणि पाडव्याच्या सुमारास पुन्हा भरतात. त्यांनी चैत्रात सप्ताह धरला तर सर्व यजमान घरी असतील.

भाकरीचा ठेका देऊ नये. मोठ्या कढईपाशी जाणता आचारी असू द्यावा, पण घरागणिक पाच भाकऱ्या याव्यात, वाढपी गावचे असावेत. आणि भाकरी बायांनीच थापावी असे कोणत्या शास्त्रात आहे? ज्यांचे हात टाळ वाजवतात, त्यांनी एक दिवस परातीला लावून पाहावेत.

चाकणच्या मुलाला आमचे सांगणे असे की तेथे गावकडची पाचदहा पोरे असतीलच. कामावरून सुटल्यावर रोज एकत्र बसून हरिपाठ म्हणा. आणि वर्षातून एक रात्र, साप्ताहिक सुट्टीची का होईना, गावी जाऊन उभे राहा. ८४ पहाऱ्यांतला एक पहारा तुमच्या नावाचा आहे. तो दुसऱ्या कोणाचा होऊ शकत नाही.

सप्ताहाचा यजमान कोण, या प्रश्नाचे उत्तर पत्रिकेवर छापलेल्या नावांत सापडत नाही. रात्री दोन वाजता मंडपात जाऊन पाहावे. जो उभा असेल तो यजमान.